काडतुसाची मुरड

अन्याय झाला तो माझ्या आईवर. वैशाली तिचं नाव. कधी झाला तेही सांगते: मी नववीत असताना, एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी, क्लबावर आमच्या शाळेच्या नेमबाजीच्या टीमच्या सरावाची दुसरी फेरी चालू असताना. माझ्या बंदुकीतून धडाड आवाज यायच्या ऐवजी नुसतं भुस्स झालं, सगळी लाइन थांबवली गेली, आणि क्लबाचा उपाध्यक्ष ब्रेंट सगळ्या पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या समोर तिला म्हणाला, "स्वतःच्या पोरीच्या बंदुकीत खाऊ भरून देते, ती कसली आई?" त्या काडतुसात काय चुकलं होतं ते मी पुढे सांगणारच आहे, झाकणार नाही. पण चूक होणं वेगळं आणि चारचौघांत अपमान होणं वेगळं. चूक आम्ही त्याच महिन्यात दुरुस्त केली. त्या वाक्याची दुरुस्ती आजतागायत कुणी केलेली नाही.

गेली काही वर्षं मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या गोदामांमधल्या कामगारांसाठी पत्रकं लिहिते. पत्रकाला एकच बाजू असते, असावीच लागते. इथे मात्र मला दुसरी बाजूही लिहायचीय, आणि ती आभाराची आहे. मी अजून तिशी गाठलेली नाही, आत्मकथन लिहायचं हे वय नव्हे, असं बाबा म्हणतात. माझं म्हणणं असं की ज्यांचे आभार मानायचेत ती माणसं जिवंत आहेत, फोन उचलतात, हीच वेळ आहे. नंतर लिहिलेल्या आभाराला श्रद्धांजली म्हणतात, आणि ती वाचायला ज्याचं नाव त्यात असतं तो नसतो.

आम्ही शॉमबर्गच्या एका टाउनहाऊसमध्ये राहायचो. गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही. तिथे एक डीप फ्रीझर होता, त्यात खवलेला नारळ, कढीपत्ता आणि आजीनं सामानातून पाठवलेलं मेतकूट. बाकी जागा बाबांच्या खोक्यांनी अडवलेली. बाबा मूळचे नाशिकचे, काहीही फेकत नाहीत. टीव्हीचं खोकं, टोस्टरचं खोकं, मिठाईचं खोकं, सगळं घडी करून, दोरीनं बांधून ठेवलेलं. "लागतं कधीतरी," हे त्यांचं उत्तर. आई एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. लोकांनी बनवलेलं मोडून दाखवायचं आणि पगार घ्यायचा, अशी ती आपल्या नोकरीची व्याख्या सांगायची. घरातही तिचा तोच खाक्या. नवा कुकर आणला तर आधी त्याची शिट्टी काढून फुंकून बघणार, रिंग ताणून बघणार, आणि मग डाळ. रविवारी सकाळी थालीपीठ लागायचं, आणि ते थापतानाचा तिच्या बोटांचा फटफट आवाज हा आमचा गजर. भोकं पाडायची तीसुद्धा मोजूनमापून, सारख्या अंतरावर.

अशा घरात बंदूक शिरली ती माझ्यामुळे. शाळेत नववीला कुठल्यातरी टीममध्ये नाव घालावं लागणार होतं. धावणं मला जमत नव्हतं, बँडमध्ये माझी धडगत नव्हती. ट्रॅपची टीम होती. मातीच्या केशरी थाळ्या यंत्रातून हवेत उडतात आणि तुम्ही त्या छर्ऱ्यांनी फोडायच्या. हवेत उडणारी वस्तू फोडायची शाळेनंच परवानगी दिलीय, हे मला फार आवडलं. बाबांनी तीन वाक्यांत विरोध संपवला: आपण त्यातले नाही, व्हिसावर असताना काडतुसाला हातही लावायचा नसतो म्हणे, आणि आता ग्रीन कार्ड आलंय म्हणून काय लगेच लावायचा का? आई म्हणाली की आधी जाऊन बघू तरी. बाबा आले, पण गाडीतून उतरले नाहीत. पुढचे सात-आठ महिने ते दर शनिवारी आम्हाला क्लबावर सोडायचे आणि पार्किंगमध्ये, काचा वर करून, नाट्यगीतं ऐकत बसायचे. प्रत्येक बारागणिक त्यांची मान थोडी आत जायची, हे मला लाइनवरून दिसायचं.

अडचण निघाली ती माझ्या खांद्याची. मी अंगानं काडी. क्लबानं दिलेली बंदूक बारा बोअरची, आणि दुकानातल्या काडतुसाचा दणका असा की पहिल्या आठवड्यातच खांदा वांग्यासारखा जांभळा झाला. आईनं तो पाहिला, बोट लावून बघितलं, मी ओरडले, आणि तिनं ठरवलं की नाव काढून टाकायचं. तेव्हा हार्लननं तिला थांबवलं. हार्लन म्हणजे क्लबातला सत्तरीचा गृहस्थ, आयुष्य एका मशीन शॉपमध्ये काढलेला, बायको वारलेली, मुलगी विस्कॉन्सिनला. क्लबाच्या मागच्या खोलीत एका बाकावर त्यानं स्वतःचं यंत्र बोल्टनं बसवलं होतं, काडतुसं पुन्हा भरायचं. ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं. मी त्याला पहिल्या दिवशी सवयीनं हार्लनकाका म्हणाले. काका म्हणजे काय ते विचारून घेतल्यावर त्यानं ते नाव ठेवूनच घेतलं, आणि नंतर मला वाढदिवसाला कार्ड पाठवलं त्यावर सही होती, 'हार्लन काका'.

त्यानं आईला सांगितलं की पोरीला हलकं काडतूस भरून दे. सामन्याला दुकानातलीच काडतुसं लागतात, पण सरावाला घरची चालतात, तोवर खांदा तयार होईल. हलकं म्हणजे आत छर्रे कमी. आणि इथेच खरी गंमत सुरू होते. काडतुसाचं नळकांडं तेवढंच राहतं. आतला ऐवज कमी झाला की वर पोकळी राहते, आणि मग तोंड नीट मिटत नाही. नळकांड्याचं तोंड कळ्या पाडून आत दुमडायचं असतं. आतला भरणा खाली बसलेला असेल तर त्या कळ्यांना टेकायला काही नसतं, त्या खड्ड्यात उतरतात आणि मध्ये भोक राहतं. भोकातून छर्रे गळतात. तोंड ढिलं राहिलं तर दारू नीट जळत नाही, आणि बार फुसका जातो. म्हणून पोकळी भरायला छर्ऱ्यांच्या खाली, प्लास्टिकच्या वाटीत, पुठ्ठ्याच्या गोल चकत्या घालायच्या. दारूच्या वर थेट काही टाकायचं नाही. चकतीलाही वजन असतं, ते विसरायचं नाही. आणि पुस्तकात ज्या जाडीच्या आणि जितक्या चकत्या लिहिल्यात त्याच आणि तितक्याच. तुला स्वयंपाक येतो हे इथे विसर, असं तो आईला म्हणाला. इथे अंदाजानं काही नाही.

आईला ते विसरायची गरज नव्हती, कारण तिचा स्वयंपाकही अंदाजाचा नव्हता. पण तोंडाच्या कळ्या बघितल्यावर तिचे डोळे चमकले. मोदकाच्या कळ्या, करंजीची मुरड, हे तिच्या बोटांत लहानपणापासून होतं, आणि बोटांना जे येतं त्याला तिच्याकडे शब्दही होते. हार्लन 'क्रिम्प' म्हणायचा, आई 'मुरड' म्हणायची, आणि महिनाभरात हार्लनही 'मोरड' म्हणायला लागला. ती यंत्राचा दांडा खाली ओढायची, काडतूस काढायची, खिडकीच्या उजेडात धरून अंगठ्यानं तोंड दाबून बघायची. कळ्या सारख्या हव्यात. मधोमध भोक नको. तोंड कडेपेक्षा किंचित आत, पण वाटीसारखं खोल नाही. कळ्या एका बाजूला पिरगळल्या असतील तर ते काडतूस बाजूला. आईचं बाजूला ठेवलेल्या काडतुसांचं डबडं सुरुवातीला भरून वाहायचं. हार्लन त्यातली चांगली वाटणारी उचलून म्हणायचा की हे ठीक आहे. आई म्हणायची की फोटोपुरतं ठीक आहे.

एकदा भेळ घेऊन गेलो होतो. क्लबातल्या लोकांना मुळीच न आवडलेली भेळ. हार्लनला मात्र आवडली, आणि कुरमुरे चिमटीत धरून त्यानं सांगितलं की त्याचे वडील चकत्यांच्या ऐवजी नाश्त्याचे सीरियल भरायचे, आणि मग हिवाळ्यात उंदीर येऊन काडतुसं कुरतडायचे. आईतली टेस्टर जागी झाली. तिनं लगेच एका रिकाम्या नळकांड्यात, दारू न घालता, कुरमुरे भरून दाबून बघितले. दाबाखाली ते चुरा झाले, मुरड खोल गेली. दमट फडक्याजवळ ठेवलेले गोळा होऊन बसले. आई म्हणाली, बाद. हार्लन हसत म्हणाला की त्याच्या वडिलांना हे कळायला एक अख्खा हिवाळा लागला होता. प्रकरण तिथेच संपलं. पण खोलीच्या दारात कुणीतरी उभं होतं, आणि त्या कुणीतरीनं बाहेर जाऊन सांगितलं की ती इंडियन बाई काडतुसात तांदूळ भरते. अफवेला भेळेइतकाही वेळ लागत नाही.

चकत्या घरी पाडायच्या. आई पुस्तकातल्या जाडीच्या पुठ्ठ्याचे ताव मागवायची, आणि हार्लननं दिलेल्या पोलादी पंचनं, खाली लाकडी पाट ठेवून, हातोडीनं ठोकायची. त्या हिवाळ्यात आमच्या घरात रात्रीच्या जेवणाआधी दोन आवाज असायचे, कुकरच्या शिट्ट्या आणि ती ठकठक. तयार चकत्या लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत. बाबा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायचे आणि म्हणायचे की शेजारचे पोलीस बोलावतील. शेजारी पटेल होते, त्यांना वाटायचं आम्ही खलबत्त्यात काही कुटतोय. बाबांनी पुठ्ठ्याच्या तावाची पावती एकदा बघितली आणि गप्प राहिले. ते गप्प राहिले की घाबरायचं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण कशाला घाबरायचं ते नव्हतं.

आता त्या शनिवारबद्दल. थंडी होती, एप्रिल असून. इलिनॉयमध्ये एप्रिल हा शब्दाला धरून वागत नाही. माझा खांदा बरा झाला होता, आणि त्या दिवशी मला लागत होतं. थाळी सुटायची, मी बंदूक फिरवायची, थाळीचा काळा धूर व्हायचा. हे लिहितानाही माझा हात शिवशिवतो. दुसऱ्या फेरीत मी हाक दिली, थाळी सुटली, मी चाप ओढला, आणि भुस्स. खांद्याला काहीच लागलं नाही. थाळी अखंड गवतात जाऊन पडली. मागून हार्लनचा आवाज आला, मोठा नाही, पण असा की सगळी लाइन जागच्या जागी थिजली.

"थांब, सई. नळीचं तोंड समोर, जमिनीकडे. आता उघड. दुसरं भरू नकोस."

त्यानं नळीतून आरपार बघितलं. उजेड दिसत नव्हता. प्लास्टिकची वाटी मध्येच अडकली होती. मी दुसरं काडतूस घालून चाप ओढला असता तर नळी फुटली असती, आणि नळीजवळ माझा डावा हात असतो. हे त्यानं मला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा तो फक्त म्हणाला की छान थांबलीस. हात शाबूत आहे, त्याच हातानं मी हे टाइप करतेय, आणि आभाराची यादी करायची झाली तर ती इथून सुरू होते.

ब्रेंट तोवर पोचला होता. काडतूस कुणाचं, एवढंच त्यानं विचारलं. मग तो आईकडे वळला आणि ते वाक्य म्हणाला. वर हेही की तांदूळ भरायचे तर आपल्या किचनमध्ये भरा. कुणीतरी हसलं. आईचा चेहरा मी पाहिला. कॉलर धरल्यासारखी ती ताठ झाली होती. ती म्हणाली की कापा. त्याच डब्यातली सगळी कापा, इथे, सगळ्यांसमोर. ब्रेंट म्हणाला की त्याला काही बघायची गरज नाही. हार्लननं खिशातला चाकू काढला, सुरक्षित बाजूला टेबल ओढलं, डब्यातलं एक काडतूस उभं चिरलं, दारू एका बाजूला झटकली आणि आतला भरणा कागदावर मांडला.

तांदूळ नव्हता. कुरमुरा नव्हता. पुठ्ठ्याच्या चकत्याच होत्या, करड्या, गोल, आईच्याच पंचनं पाडलेल्या. पण मऊ. दाबून चपट्या झालेल्या, ताठ राहण्याऐवजी बसलेल्या. भरताना मुरड बरोबर होती, म्हणून तिच्या अंगठ्याखालून ती पास झाली. नंतर डब्यात पडल्या पडल्या चकत्या आत बसत गेल्या, वरच्या कळ्यांचा टेकू गेला, तोंड ढिलं झालं. आईनं एक चकती उचलली, बोटांत चोळली, आणि नाकाशी नेली.

मी शेजारीच होते. मलाही वास आला. वेलची. वेलची आणि तूप.

दिवाळीत आमच्याकडे काजूकतलीचे आणि बेसनलाडवांचे खोके आले होते. थरांच्या मध्ये करड्या पुठ्ठ्याचे तुकडे असतात, साधे, छापलेले नसलेले. आईला सगळं कळलं ते त्या एका श्वासात कळलं, हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसलं. आणि तिनं पार्किंगकडे बघितलं नाही. एकदाही नाही. बोट दाखवून सुटायची वाट तिच्यासमोर उघडी होती. ती चकती खाली ठेवून ब्रेंटला म्हणाली, "पुठ्ठा चुकीचा आहे. काडतूस माझं आहे. जबाबदारी माझी. पण तुम्ही कापायच्या आधी बोललात, आणि जे बोललात ते पुठ्ठ्याबद्दल नव्हतं."

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. लाइन इतका वेळ शांत आहे हे बघून बाबा उतरले होते. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा. ऑफिसचे बूट चिखलातून उचलत ते टेबलापाशी आले, चकत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझे दोन्ही हात पाहिले. मग त्यांच्या त्या सावकाश, मीटिंगमधल्या इंग्रजीत ते म्हणाले की या चकत्या मी पाडल्या. बरणी संपत आली होती, हिचं ऑफिसचं रिलीज चालू होतं, मी पुसून, हीटरच्या जाळीवर वाळवून, हिच्याच पंचनं पाडून बरणीत टाकल्या. हिला माहीत नव्हतं. जे बोलायचंय ते मला बोला.

आता तुम्हाला वाटेल की ब्रेंट वरमला. नाही. तो म्हणाला की म्हणजे हिला स्वतःच्या काडतुसात काय आहे तेही ठाऊक नाही, आणि आईला त्या खोलीत येऊन काडतुसं भरायला बंदी केली. किती दिवस ते सांगितलं नाही. त्याच्या बोलण्यातलं पहिलं अर्ध खरं होतं, हे मी आज मान्य करते, आईनं तर तेव्हाच केलं होतं. बरणीत हात घालताना दर वेळी तपासायला हवं होतं, असं ती अजूनही म्हणते. पण त्याच क्लबात एकानं भलतीच दारू भरून बंदुकीचा दस्ता फोडला होता, आणि त्याला लोकांनी बिअर पाजून त्याचे किस्से ऐकले होते. त्याला कुणी विचारलं नव्हतं की तू कसला बाप.

आणि तिथे आम्ही एकटे मराठी नव्हतो. कुलकर्णीकाका आणि काकू होते, त्यांचा पराग माझ्याच टीममध्ये. आणखी एक नागपूरचं जोडपं होतं. दर गणपतीत आमच्याकडे जेवायला येणारी माणसं. काकू आपल्या कॉफीच्या कपाकडे बघत होत्या. काकांनी फोन काढला होता. कुणी एक शब्द बोललं नाही.

बोलला, किंवा बोलला नाही पण हलला, तो हार्लन. तो मागच्या खोलीत गेला आणि पान्हा घेऊन बाकावरचे बोल्ट काढायला लागला. ब्रेंटनं विचारलं की हे काय चाललंय. हार्लन म्हणाला की यंत्र माझं आहे, आणि जिथे वैशाली बसेल तिथे ते बसेल. यंत्र जड होतं. बाबांनी पुढे होऊन दुसरी बाजू धरली. काडतुसाच्या सावलीला न जाणारे माझे बाबा ते ग्रीस लागलेलं धूड पोटाशी धरून पार्किंगपर्यंत उलटे चालत गेले, आणि त्यांनी ते आमच्या व्हॅनमध्ये, देवळात मूर्ती ठेवावी तसं, दोन टॉवेलांवर ठेवलं.

घरी जाताना व्हॅनमध्ये नाट्यगीतही लागलं नाही. आईनं पिठलं टाकलं, भात लावला. बाबा ओट्याशी उभे राहून म्हणाले की मला वाटलं तेवढाच आपला हात लागेल. ना दारू, ना शिसं, कागदच तर आहे. आई पिठलं ढवळत राहिली. मग म्हणाली, "हात लागायला हवाच होता, हो. फक्त विचारून." बाबांनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसला. मी ताटं घेतली. इतक्या वर्षांनी मला वाटतं की आमच्या घरात प्रेमाचं म्हणून जे काही बोललं गेलंय ते तेवढंच, आणि पुरेसं आहे.

जेवणं होतायत तोच फोन सुरू झाले. कुलकर्णीकाकूंना फार वाईट वाटलं होतं. ब्रेंट आहेच तसला, पण आपण कशाला वाढवायचं, मुलांचं वर्ष आहे ना, असं त्या म्हणाल्या. नागपूरच्यांनी सांगितलं की आम्ही मनानं तुमच्याबरोबर आहोत. आई सगळ्यांना 'हो, हो, थँक यू' म्हणाली, आणि फोन ठेवून दरवेळी हात धुऊन आली. मी बघत होते. मला वाटतं मी पत्रकं लिहायला लागले ती त्या रात्रीच्या त्या नळाच्या आवाजामुळे.

यंत्र आमच्या गॅरेजमध्ये बसलं. बाबांनी त्यासाठी आपली खोकी रचून नवी भिंत केली, आणि मिठाईची सगळी, न सांगता, रिसायकलला दिली. रविवारी सकाळी हार्लन यायचा. थालीपीठ खायचा, लोण्याच्या जागी पीनट बटर लावून, आणि आई त्याला त्याबद्दल कधी माफ करू शकली नाही. मग तिघं गॅरेजमध्ये. चकत्यांचं खातं बाबांकडे. पण कसं? दुकानातल्या तावाच्या, कॅलिपरनं जाडी मोजून, एका दिवसाच्या चकत्या एका डबीत, डबीवर खूण, आणि आईनं सही केल्याशिवाय डबी उघडायची नाही. बाबा प्रोजेक्ट मॅनेजर होते, आणि त्यांना शेवटी मॅनेज करण्यासारखा प्रोजेक्ट मिळाला होता. हार्लन त्यांना चिडवायचा की वैशालीची मुरड आणि तुझी डबी, यांच्यामध्ये छर्ऱ्यांनाही रांगेत उभं राहावं लागतं. भरलेल्यांतली काही काडतुसं मुद्दाम महिनाभर बाजूला ठेवून मग कापायची, आत काही बसलंय का ते बघायला, ही आईची पद्धत. तीसुद्धा तेव्हापासूनची. आम्ही दुसऱ्या, लांबच्या क्लबावर जायला लागलो. तिथे बाबा गाडीतून उतरायचे. कानांवर मफलर गुंडाळून माझ्या मागे उभे राहायचे, आणि मी नेम चुकले तर स्वतःच सॉरी म्हणायचे.

आता आभार. हार्लनकाका, तुम्ही हल्ली मुलीकडे असता, मराठी वाचता येत नाही, तरी हे मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवणार आहे, आणि तुम्ही 'मोरड' आल्यावर हसणार आहात. माझ्या हाताबद्दल आभार, आणि त्या बोल्टांबद्दल. बाबा, गाडीचं दार उघडल्याबद्दल. उतरून काही फायदा झाला नाही, हे मला माहीत आहे. तरी. आई, तू पार्किंगकडे पाहिलं नाहीस त्याबद्दल. मी रोज माणसांना सांगते की दोष दुसऱ्यावर ढकलू नका, वरच्यांना तेच हवं असतं. सांगताना माझ्या डोळ्यांसमोर कुठलं पुस्तक नसतं, तू ती चकती टेबलावर ठेवतेस ते असतं.

ब्रेंट अजून तिथे उपाध्यक्ष आहे. हार्लननं त्या वर्षीच्या सभेत ठराव मांडला होता: कुणाच्याही काडतुसावर बोट ठेवायच्या आधी ते सगळ्यांसमोर कापून बघावं, आणि वैशालीची बंदी उठवून तिची माफी मागावी. ठराव पडला. मराठी पालक त्या सभेला गेले नव्हते, पोरांना खुन्नस नको म्हणून. आई म्हणते की सोडून दे आता. मी सोडलेलं नाही.

तर हे तुमच्यासाठी, जे शॉमबर्गच्या आसपास राहता, ज्यांची मुलं आज त्याच लाइनवर उभी राहून नेम धरतात. क्लबाची सभा शरद ऋतूत असते, पालकांना मत असतं. या वेळी जा. ठराव पुन्हा मांडा, माझ्या आईचं नाव त्यात पूर्ण लिहा, आणि हात वर करताना आपल्या कपाकडे बघू नका. आणि सभा लांब असेल, त्याआधीच तुमच्यासमोर कुणी एखाद्या बाईला असं काही बोललं, तर तिथेच, त्याच मिनिटाला, तिच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि म्हणा, आधी कापून बघू. संध्याकाळी फोन करू नका.